कवी आणि गद्यवाले एका मंचावर: वाचनाची मालिका सुरू करताना

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे मिळून गावोगावी काव्यवाचन करत. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचं कथाकथनही असंच तिघांचं म्हणून गाजलं. यात कवी कवींबरोबर गेले आणि कथाकार कथाकारांबरोबर, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या दोन जातींची सरमिसळ एका संध्याकाळी करायची म्हटलं की अडचणी वेगळ्या येतात, कारण कवितेला लागणारा कान आणि गद्याला लागणारा कान सारखा नसतो. कवितेत हरवलेला माणूस पुढच्या कवितेत परत आत येतो. गोष्टीत हरवलेला माणूस गोष्ट संपेपर्यंत बाहेरच बसून राहतो.

तुम्हाला आपल्या भागात अशी मालिका सुरू करायची असेल, म्हणजे ठरावीक दिवशी तीन-चार कवी-लेखक येतील, स्वतःचं लिहिलेलं वाचतील आणि लोक ऐकतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मी हे काम काही वर्षं केलं आहे आणि त्यात बऱ्यापैकी चुकलो आहे. वाचणारे मिळतात, त्यांची काळजी करू नका. दुसऱ्या महिन्यात परत येणारे ऐकणारे मिळवणं अवघड. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाजूने घेतलेला आहे. काही लेखकांना तो आवडणार नाही.

पहिली पायरी: वार आणि मुदत

तारीख ठरवू नका, वार ठरवा. ‘महिन्याचा दुसरा शुक्रवार’ हे लोकांच्या डोक्यात राहतं. ‘या वेळी १४ तारखेला, पुढच्या वेळी बघू’ हे राहत नाही. पहिल्याच घोषणेत ‘दर महिन्याला, कायम’ असं मात्र म्हणू नका. चार कार्यक्रम जाहीर करा, चारही पार पाडा, मग पुढच्या चारांचा विचार करा. मालिका बंद पडण्याचं नेहमीचं कारण चालवणाऱ्याचा थकवा हे असतं. त्यामुळे किमान दोघं हवेत: एक मंचाकडे बघणारा, दुसरा दाराकडे. एकट्याने दोन्ही सांभाळायला गेलात की माइक हातात असताना कुणीतरी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला येतं.

एकूण वेळ दीड तासाच्या आसपास, त्याहून फार जास्त नको. हिशेब असा: चार वाचणारे, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे ४८. चार ओळखी दीड-दीड मिनिटाच्या, म्हणजे ६. मध्यंतर १५. खुल्या मंचावर, म्हणजे श्रोत्यांतून ऐनवेळी नाव देऊन वाचणारे, सहा जण, प्रत्येकी ३ मिनिटं आणि उठण्या-बसण्याचं एकेक मिनिट, म्हणजे २४. बेरीज ९३. यात भाषणाला जागा नाही आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. अध्यक्ष, प्रास्ताविक, मनोगत, आभार यांतलं एक आत घेतलंत की बाकीचे आपल्या पायांनी चालत येतात.

दुसरी पायरी: जागा

जागा मोठी नको, शांत हवी. सॅन फ्रान्सिस्कोत ७ ऑक्टोबर १९५५ला अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्गने आपली गाजलेली दीर्घ कविता पहिल्यांदा लोकांपुढे वाचली, ती जागा पूर्वी मोटारदुरुस्तीचं गॅरेज होती. त्या रात्री पाच कवी होते, निवेदक एक आणि निमंत्रणं पोस्टकार्डावरून गेली होती. एवढ्यावर ती संध्याकाळ आजवर लोकांच्या लक्षात आहे.

वाचनालयाची खोली, पुस्तकाचं दुकान बंद झाल्यावरची वेळ, शाळेचा वर्ग, नाटकवाल्यांची तालमीची जागा, यांतलं काहीही चालेल. कॅफे चालवून घेता येतो, पण आधी कार्यक्रमाच्याच वेळी तिथे तासभर बसून या. कॉफीच्या मशीनची वाफ नेमकी कवितेच्या शेवटच्या ओळीवर सुटते, हा माझा अनुभव आहे. तासभर थांबल्यावर खोलीत तीन गोष्टी बघा. दार कुठे आहे? वाचणाऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला दार असेल तर उशिरा येणारा प्रत्येक जण मंचावरून प्रवेश करतो. दार श्रोत्यांच्या मागे हवं. उजेड कुठून येतो? पाठीमागे खिडकी असेल तर वाचणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो आणि त्याच्या कागदावरही सावली पडते. आणि आवाज कशाचा आहे? पंखा, एसी, फ्रीज हे रोजच्या वावरात ऐकू येत नाहीत. कविता सुरू झाली की येतात.

खुर्च्यांबद्दल एक जुना डाव सांगतो. तीस माणसं येतील असं वाटत असेल तर वीस खुर्च्या मांडा आणि दहा भिंतीला रचून ठेवा. वीस खुर्च्यांत पंधरा माणसं म्हणजे भरलेली खोली. पन्नासांत पंधरा म्हणजे पडलेला कार्यक्रम. माणसं तेवढीच. ऐनवेळी जास्तीच्या खुर्च्या काढाव्या लागल्या तर सगळ्यांनाच बरं वाटतं.

तिसरी पायरी: कुणाला बोलवायचं

चारांत दोन कवी आणि दोन गद्यलेखक असं माप ठीक बसतं. पण दोन्ही गद्यलेखक लांब कथावाले नकोत. एक कथा किंवा कादंबरीतला तुकडा आणि एक ललित, प्रवासातलं, आठवणीतलं किंवा विनोदी, असं घ्या. कवींतही एक छंदात किंवा गझलेत लिहिणारा आणि एक मुक्तछंदवाला असेल तर खोलीतला आवाज बदलत राहतो. गझलेच्या शेराला दाद लगेच उसळते, मुक्तछंदाला बहुतेकदा शांतता मिळते. नवख्या कवीला ही शांतता अपयशासारखी वाटते. त्याला आधीच सांगून ठेवा की मुक्तछंदाची दाद बऱ्याचदा मध्यंतरात येते.

चारांत एक तरी असा हवा ज्याचं पुस्तक अजून आलेलं नाही. आणि एक तरी असा हवा ज्याच्यासाठी लोक घराबाहेर पडतील. सगळे आपल्याच ओळखीचे असतील तर तिसऱ्या महिन्यात मालिका मित्रमंडळाची बैठक होते.

माणूस निवडताना त्याचं छापलेलं वाचा, पण एकदा त्याला वाचताना ऐकाही. फार चांगलं लिहिणारे काही जण स्वतःच्याच ओळी रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या वाचतात. त्यांना टाळू नका, वेळ कमी द्या. आणि हेही लक्षात असू द्या की कथाकथन आणि अभिवाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कथाकथनात गोष्ट पाठ असते, डोळे श्रोत्यांवर असतात आणि सांगणारा ऐनवेळी फाटे फोडू शकतो. अभिवाचनात हातात कागद असतो आणि लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं पोहोचवायचं असतं. तुम्हाला काय हवं आहे ते बोलावतानाच सांगा.

चौथी पायरी: निमंत्रण

फोनवर होकार घ्या, पण त्याच दिवशी लेखी मजकूर पाठवा. त्यात वार, तारीख, पत्ता, पोहोचायची वेळ (सुरू व्हायच्या अर्धा तास आधीची), वाचायची मिनिटं, बरोबर कोण आहेत, माइक आहे की नाही, रेकॉर्डिंग होणार का, स्वतःची पुस्तकं विकायला आणता येतील का, आणि मानधन, एवढं असू द्या. मानधन नसेल तर ‘मानधन देता येणार नाही’ हे सरळ शब्दांत लिहा. ‘यथाशक्ती’, ‘बघू’, ‘आपलाच कार्यक्रम आहे’ असले शब्द नंतर कडू होतात. प्रवासखर्च देता येत असेल तर निदान लांबून येणाऱ्याला द्या. दारात पेटी ठेवून जमेल ते वाचणाऱ्यांत वाटून टाकायचं, ही पद्धतही चालते. फक्त त्याच रात्री, सगळ्यांसमोर, सारखं वाटा.

ओळख करून देण्यासाठी त्यांच्याकडून तीनच ओळी मागवा. नाव कसं उच्चारायचं तेही विचारा, लाजू नका. आडनावातला ‘च’ चहातला की चमच्यातला, हे मंचावर कळण्यात काही गंमत नाही.

पाचवी पायरी: गद्याला कात्री

इथे थोडं थांबतो, कारण मिश्र मालिका बहुतेक इथेच घसरते. कवीला १२ मिनिटं म्हटली की तो पाच-सहा कविता काढतो आणि वेळ संपत आली की एक कमी करतो. गद्यलेखकाची कथा तेवढीच राहते. त्याला वाटतं, सुरुवात तर करू. एकदा माझ्याकडे एका कथाकाराने १२ मिनिटांच्या जागी ३५ मिनिटं घेतली. गोष्ट वाईट नव्हती. पण त्याच्यानंतरची कवयित्री दोन तास प्रवास करून आली होती, तिच्या वाट्याला चार मिनिटं आली आणि अर्धी खोली तोवर घड्याळ बघायला लागली होती. दोष त्याचा नव्हता. मी त्याला ‘दहा-बारा मिनिटं, साधारण’ असं सांगितलं होतं. तो ‘साधारण’ शब्द माझा.

आता मी मिनिटांबरोबर शब्दही सांगतो. मराठी गद्य मोठ्याने, श्वास घेत, ऐकणाऱ्याला समजेल असं वाचलं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे १२ मिनिटांना सुमारे १,३०० शब्द, आणि मधल्या हशाला जागा ठेवायची तर १,२००. तीन हजार शब्दांच्या कथेचं काय करायचं? दोन वाटा आहेत. एक, कथेतला असा तुकडा घ्यायचा जो स्वतःच्या पायावर उभा राहतो: एक जागा, दोन-तीन माणसं, एक प्रसंग. आधीचं काय ते दोन वाक्यांत तोंडी सांगायचं. दोन, सबंध कथा वाचनासाठी कापायची.

कापण्यात कमीपणा वाटत असेल तर इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं बघा. १८५३ साली त्याने धर्मादाय कामासाठी जाहीर वाचन केलं, १८५८पासून तो पैसे घेऊन वाचू लागला आणि १८७०मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, शेवटचं वाचन केलं. नाताळवरच्या आपल्या प्रसिद्ध गोष्टीचं पुस्तक त्याने पानं सुटी करून मोठ्या कागदांत बसवून घेतलं होतं. त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद खोडलेले आहेत आणि समासात आवाज कसा हवा याच्या सूचना आहेत. ती प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आजही आहे. आपलंच छापून आलेलं, लोकांनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक तो वर्षानुवर्षं कापत राहिला.

काय कापायचं याचे माझे ठोकताळे असे आहेत. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ यांतले निम्मे जातात, कारण आवाज ते काम करतो. उरलेले मात्र ठेवा, नाहीतर कोण बोलतंय ते कळत नाही. पाचाहून जास्त नावं असतील तर दोन माणसं काढून टाका किंवा त्यांना ‘शेजारी’, ‘मामा’ करा. कागदावर माणूस पान उलटून मागे बघू शकतो, कानाला मागे जाता येत नाही. कंसातलं सगळं जातं. ‘ज्याने’, ‘ज्यामुळे’, ‘जेव्हा की’ असे जोडत नेलेलं लांब वाक्य दोन-तीन वाक्यांत मोडा. आणि सुरुवातीच्या दोन परिच्छेदांत हवा, आकाश आणि संध्याकाळ असेल तर तिसऱ्यापासून वाचा.

कागदाबद्दल दोन शब्द. फोनवरून वाचू नका. पडदा मंद होतो, मधेच वळतो आणि हमखास कुणाचा तरी फोन येतो. अक्षर मोठं, १६ पॉइंटच्या आसपास, एका बाजूला छापलेलं, पानांवर क्रमांक, पिन न मारलेलं. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. उलटण्याचा आवाज माइक टिपतो. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल तर ते अख्खं पुढच्या पानावर ढकला. आणि घड्याळ लावून, उभं राहून, घरी दोनदा मोठ्याने वाचा. मनात वाचून काढलेली वेळ नेहमी कमी भरते.

सहावी पायरी: क्रम

स्पष्ट आवाजाचा, जरा हलकं वाचणारा कवी पहिला. लोक अजून येत असतात, एखादी कविता हुकली तरी बिघडत नाही. दुसऱ्या जागी कथा, कारण तिला ताजा कान लागतो. मग मध्यंतर. त्यानंतर खुला मंच, मग ललित गद्य, आणि शेवटी ज्याच्यासाठी लोक आले आहेत तो कवी. कथा कधीही शेवटी ठेवू नका. शेवटची बस, घरी वाट बघणारं मूल, ताणलेली पाठ, हे सगळं तोवर खोलीत येऊन बसलेलं असतं.

नामवंताला पहिलं उरकून जायचं असतं. ‘मला जरा लवकर निघायचंय’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. शक्य असेल तर त्याला दुसऱ्या महिन्याची तारीख द्या. जो इतरांचं ऐकायला थांबत नाही, त्याच्याबरोबर त्याचे श्रोतेही निघून जातात.

सातवी पायरी: माइक

तीस माणसांच्या शांत खोलीत माइक लागत नाही असं सगळे म्हणतात. मागच्या रांगेतल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला विचारा. साधा हातातला डायनॅमिक माइक, स्टँड आणि एक स्पीकर पुरतो. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला तोंड करून हवा. माइकच्या मागे गेला की शिट्टी वाजणारच. स्टँडची उंची प्रत्येक वाचणाऱ्याला बदलून द्यायला एक माणूस नेमा. तोंड आणि माइक यांत चार बोटांचं अंतर ठेवा आणि माइक ओठांसमोर सरळ न धरता जरा तिरका ठेवा. मराठीत फ, भ, प, ख यांची रेलचेल असते, सरळ माइकवर त्यांचे फटाके फुटतात. फार जवळ गेलं की आवाज घुमतो आणि जाड होतो. काही कवींना तो भारदस्त वाटतो, पण त्यात शब्द बुडतात. माइकचं डोकं मुठीत धरायचं नाही. ‘हॅलो हॅलो’ करून चाचणी घेऊ नका, प्रत्येकाला स्वतःच्या चार ओळी वाचायला लावा. पोहोचायची वेळ अर्धा तास आधीची दिली आहे ती यासाठीच.

आठवी पायरी: निवेदक आणि घड्याळ

निवेदकाने ओळखीच्या तीन ओळी वाचायच्या, नाव शेवटी घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. शायरी पेरायची नाही. वाचून झाल्यावर ‘किती सुंदर! किती हृदयस्पर्शी!’ असं रसग्रहणही करायचं नाही. वाचलेलं लोकांच्या मनात अजून हलत असतं, त्यावर लगेच शब्द ओतू नयेत.

वेळेची खूण आधी ठरवा आणि सगळ्यांना सांगा. आमच्याकडे पहिल्या रांगेतला एक जण दोन मिनिटं उरली की हातातली वही उभी धरतो. वेळ संपली की निवेदक जागेवरून उठून मंचाच्या कडेला येऊन उभा राहतो. तो बोलत नाही, नुसता उभा राहतो. एवढं बहुतेकांना पुरतं. वाचणारा ज्येष्ठ आहे म्हणून सूट द्यायची नाही, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळेच ज्येष्ठ होतात.

खुल्या मंचाला तीन मिनिटं कमी वाटत असतील तर स्लॅम या काव्यवाचनाच्या स्पर्धेचा नियम बघा. शिकागोतला मार्क स्मिथ हा बांधकामावर काम करणारा कवी. त्याने १९८६मध्ये ग्रीन मिल नावाच्या क्लबात ही स्पर्धा सुरू केली. श्रोत्यांतूनच पाच परीक्षक निवडायचे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून मधल्या तिघांची बेरीज घ्यायची, अशी तिची पद्धत. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, त्यानंतर गुण कापले जातात. स्पर्धा आपल्याला नको आहे, पण तीन मिनिटांत काय काय मावतं ते त्यावरून दिसतं. खुल्या मंचाची यादी दारात ठेवा, सहा नावं झाली की बंद करा; जास्त झाली तर चिठ्ठ्या टाका. तो मध्यंतरानंतर ठेवण्यामागे थोडा स्वार्थ आहे. सुरुवातीला ठेवला तर आपली कविता वाचून लोक निघतात, आणि अगदी शेवटी ठेवला तर त्या नवख्यांचं ऐकायला कुणी उरत नाही.

परवानगीचं थोडक्यात

स्वतःचं लिहिलेलं वाचायला अडचण नाही. दुसऱ्याची कविता किंवा अनुवाद वाचायचा असेल तर हक्क कुणाकडे आहेत ते आधी बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क किती वर्षं टिकतो ते देशागणिक बदलतं. रेकॉर्डिंगला लेखी होकार घ्या, आणि ते कुठे टाकणार तेही त्यात लिहा. अप्रकाशित कविता इंटरनेटवर गेली की काही नियतकालिकं ती प्रसिद्ध झालेली धरतात, मग कवीला ती छापायला देता येत नाही. एखाद्याने नको म्हटलं तर त्याच्या वेळेला कॅमेरा बंद, श्रोत्यांचे फोनही खाली.

शेवटची पायरी: उठण्याआधी आणि नंतर

पुढच्या कार्यक्रमाची तारीख आणि नावं शेवटच्या कवीच्या आधी सांगा. त्याच्यानंतर लोक चपला शोधत असतात. पुस्तकांचं टेबल दाराजवळ ठेवा, सुटे पैसे आणि पेन तिथे असू द्या, आणि विकणारा माणूस लेखक स्वतः नसावा. स्वतःचं पुस्तक विकताना बहुतेक जण ते फुकट देऊन बसतात.

खुर्च्या उचलून झाल्या की, घरी जायच्या आधी, एका वहीत पाच गोष्टी लिहा: किती जण आले, त्यांतले पहिल्यांदा आलेले किती, कुणी किती मिनिटं वाचलं, मध्यंतरानंतर किती जण परत बसले आणि कोणत्या वाचनाच्या वेळी खुर्च्या करकरल्या. शेवटचा आकडा नसतो, पण तोच सगळ्यात उपयोगी पडतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत त्या रकान्यात चार वेळा एकच शब्द आहे, ‘निवेदक’, आणि त्या चारही वेळा निवेदन माझ्याकडे होतं.